तीन अक्षरांचा बिल्ला

जी, टी, ओ. पॉन्टिॲकच्या १९६४ सालच्या गाडीवर ही तीन अक्षरं पुढच्या जाळीवर, मागच्या दोन्ही बाजूंना आणि डिकीच्या झाकणावर चमकत असत. आज अमेरिकेत अशी गाडी नव्यानं उभी करायला घेतलेल्या माणसाची झोप इंजिन उडवत नाही. इंजिन उघडता येतं, घासता येतं, त्याचे सुटे भाग मिळतात. झोप उडवतात त्या या ओंजळभर चकचकीत वस्तू: बिल्ले, काचेभोवतीच्या पट्ट्या, जाळ्या. तिकडे या सगळ्याला मिळून ‘ट्रिम’ म्हणतात.

या गाडीचा जन्मच पळवाटेतून झाला. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा पॉन्टिॲकची मालक असलेल्या जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी त्यातून वाट काढली. नवी गाडी काढायची तर वरून परवानगी हवी. पण चालू असलेल्या टेम्पेस्ट लमाँ गाडीवर जादा पैसे घेऊन एखादी ‘सोय’ दिली, तर कोण विचारतो? त्या सोयीत ३८९ घनइंचांचं इंजिन होतं आणि तिची किंमत तीनशे डॉलरच्या आत होती. नाव सरळ फेरारीकडून उचललं. पाच हजार खपल्या तरी पुष्कळ, असा विक्री खात्याचा हिशेब होता; पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

गंमत अशी, की सजावट तेव्हाही थापाच मारत होती. बॉनेटवरचे हवा खेचणारे पोकळ उंचवटे १९६४ साली नुसते शोभेचे होते, आत बंद. बाजूच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं ६.५ लिटर, आणि ३८९ घनइंच म्हणजे जेमतेम ६.४ लिटर. तेव्हा आज कुणी नकली बिल्ला लावला म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा जपून.

हे बिल्ले जस्ताच्या मिश्रधातूचे. वितळलेला धातू दाबानं पोलादी साच्यात भरायचा, मग त्यावर तांबं, निकेल आणि शेवटी क्रोमचा पातळ थर चढवायचा. क्रोमच्या थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांतून ओल आत शिरली, की खालचं जस्त फुगतं आणि वर पुटकुळ्या येतात. मग हा बिल्ला पुन्हा नवा करायचा म्हणजे जुना मुलामा उतरवा, प्रत्येक खड्डा कोरून साफ करा, भरा, तांब्याचा जाड थर द्या, घासा, पुन्हा तांबं द्या. या घासाघाशीत अक्षरांच्या धारदार कडा गोल होतात, आणि बिल ऐकून मालकाला वाटतं, त्यापेक्षा नवा घेतला असता. काचेभोवतीच्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांचं मात्र उलट. पोचा आलेली जुनी पट्टी मागून छोट्या हातोडीनं ठोकून, कानस आणि पॉलिश पेपर फिरवून, बफ मारून पुन्हा आरशासारखी होते. अशी जुनी पट्टी फेकून नवी घेणारा माणूस एक तर घाईत असतो किंवा त्याला कुणीतरी बनवलेलं असतं.

बिल्ला मिळवायचे मार्ग दोन. पहिला म्हणजे कंपनीनं त्या काळीच बनवलेला, कधीच न वापरलेला, डब्यासकट गोदामात पडून राहिलेला माल. याला तिकडे एनओएस म्हणतात. पेनसिल्व्हानियात चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या हर्शी गावात १९५५ पासून दर ऑक्टोबरात जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. शेजारच्या कार्लाइलला १९७४ पासून. तिथल्या टेबलांवर असे डबे निघतात. भाव तोंडाला येईल तो, कारण हा साठा फक्त कमीच होत जाणार.

दुसरा मार्ग नव्यानं बनवलेल्या प्रतिकृतींचा. न्यू हॅम्पशरची एम्स परफॉर्मन्स ही कंपनी नुसत्या पॉन्टिॲकच्याच भागांवर चालते. पॉन्टिॲक हे नाव जनरल मोटर्सनं २०१० साली गुंडाळलं, पण बिल्ले अजून निघताहेत, त्यांतले बरेच रीतसर परवान्यानं. परवान्याचा शिक्का बघून घ्यावं हे खरं, पण शिक्का आहे म्हणून वस्तू जागेवर बसेलच असं नाही.

का बसत नाही, ते समजण्यासारखं आहे. खऱ्या बिल्ल्यावरूनच साचा उतरवला, तर त्यात ओतलेलं जस्त गार होताना सुमारे अर्धा टक्का आकसतं. बोटभर बिल्ल्यात ते कळतही नाही. दोन फुटी नक्षीत मात्र तीन मिलिमीटर कमी पडतात, आणि मागच्या खुंट्या पत्र्यातल्या भोकांसमोर येत नाहीत. चांगला कारागीर साचा करतानाच तेवढी वाढ धरतो. म्हणून जाणकार माणूस बिल्ला हातात घेतला की आधी उलटा करतो. खुंट्यांची जाडी आणि लांबी, ओतताना उमटलेला भाग-क्रमांक, साच्याच्या जोडाची रेघ, हे सगळं पाठीवर असतं. मग पुढची बाजू: अक्षराची कड नखाला लागते का, खोलगट भागातला रंग काठोकाठ आहे की बाहेर सांडलाय.

अर्थात सांडलेला रंगसुद्धा खरा असू शकतो. कारखान्यात पट्टा सरकत असायचा. कामगाराला नजाकतीला वेळ नव्हता. पट्ट्या वाकड्या बसत, रंगाचे शिंतोडे नको तिथे उडत. कॉर्व्हेट गाडीच्या शौकिनांची एनसीआरएस ही संघटना गाडी कारखान्यातून बाहेर पडली तशी आहे का, यावर गुण देते. तिथे कारखान्यापेक्षा सुबक काम केलं तर गुण कापले जातात! हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथे मुद्दाम गचाळ काम करून घ्यायलाही लोक पैसे मोजतात.

प्रतिकृती इतक्या चांगल्या झाल्या, त्याचा एक परिणाम म्हणजे बिल्ल्याचा शब्द आता कुणी खरा मानत नाही. १९६४ आणि ६५ साली जीटीओ ही निव्वळ जादा सोय असल्यानं चासी नंबर साध्या लमाँसारखाच असे. १९६६ पासून तिला चासी नंबरात २४२ हा स्वतःचा आकडा मिळाला. म्हणजे आधीची लमाँ घ्या, कॅटलॉगमधून बिल्ले मागवा, पत्र्याला भोकं पाडा, की झाली जीटीओ. पैशाचं सोंग आणता येत नाही हे खरं, जीटीओचं मात्र आरामात येतं. म्हणून गिऱ्हाईक डिकीत डोकं घालून पत्र्याच्या आतल्या बाजूला लमाँच्या बिल्ल्यांची जुनी बुजवलेली भोकं शोधतं. पण पत्राही बदललेला असू शकतो. शेवटी पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून त्या गाडीच्या मूळ बिलाची नोंद मागवावी लागते. सोय घेतली होती की नाही, ते तिथे लिहिलेलं असतं. बिल्ला डोळ्यांसाठी, किंमत कागदाला.

पुढची अडचण मुलाम्याचीच आहे. जुना निळसर झाक असलेला क्रोम ज्या षट्संयुजी क्रोमियमपासून चढवतात, ते कर्करोगकारक आहे. कॅलिफोर्नियाच्या हवा नियामक मंडळानं २०२३ साली ठरवलं, की शोभेच्या मुलाम्यासाठी ते १ जानेवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, वापरायचं नाही. पर्यायी त्रिसंयुजी क्रोम टिकाऊ आहे, फक्त त्याची झाक किंचित वेगळी, जराशी काळपट. एकटा बिल्ला पाहिला तर फरक कळणारही नाही. पण जुन्या बंपरशेजारी नवा बिल्ला लावला, तर उन्हात दोन्ही वेगळे दिसतात. म्हणून काही जण आतापासूनच गाडीवरचा क्रोमचा तुकडा न् तुकडा काढून एकाच मुलामेवाल्याकडे, एकाच खेपेत पाठवतात.