औषधाची लाली आणि पेशींची साक्ष

रक्ताच्या कर्करोगावरील उपचारासाठी बऱ्हाणपुराहून भुसावळमार्गे मुंबई गाठणाऱ्या कुटुंबांच्या कानी 'फ्लो सायटोमेट्री' हे नाव लवकरच पडते. या तपासणीत रक्तातील वा अस्थिमज्जेतील पेशी बारीक धारेतून एकामागून एक लेसर किरणासमोरून नेतात. पेशींची ओळख पटविणाऱ्या प्रतिपिंडांना रंगद्रव्ये जोडलेली असतात. किरण पडताच ती चमकतात. हेच अनुस्फुरण. टिनोपाल घातलेल्या धोतराची उन्हातील निळसर शुभ्रता हा त्याचाच घरगुती प्रकार. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली त्याचा अभ्यास केला तो क्विनाइनच्या द्रावणावर, म्हणजे हिवतापाच्या औषधावरच!

औषधे चमकतात, आणि अडचण नेमकी तेथेच येते. डॉनोरुबिसिन व डॉक्सोरुबिसिन ही औषधे मूळचीच तांबडी. ती दिल्यावर एकदोन दिवस लघवीही लालसर होते आणि घरची मंडळी उगाच धास्तावतात. ही औषधे पेशीच्या केंद्रकात शिरतात व ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या किरणाखाली नारिंगी-तांबडी चमकतात. हा प्रकाश रंगद्रव्याचा की औषधाचा, हे यंत्राला कसे कळावे? उपचारानंतर दहा हजारांत एखादी रोगट पेशी उरली आहे काय, हे शोधायचे असते तेव्हा ही भेसळ साधी नव्हे. पुढचा उपचार त्या आकड्यावर ठरतो.

म्हणून त्याच रुग्णाच्या काही पेशी रंग न लावता यंत्रातून नेतात. कोरा नमुनाही चमकला, तर दोष प्रतिपिंडांचा नाही. निरोगी माणसाचा कोरा नमुना येथे कुचकामी, कारण त्याच्या पेशींनी ते औषध पाहिलेलेच नसते. मग ६४० नॅनोमीटरच्या आसपासच्या तांबड्या लेसरने उजळणारी रंगद्रव्ये निवडली, की औषधाची लाली बव्हंशी मागे पडते. वाटेत रखडलेल्या नमुन्याची कथा निराळी; त्यातील मृत पेशी प्रतिपिंडे नाहक चिकटवून घेतात, त्या वेगळ्या रंगाने ओळखून वगळाव्या लागतात.

प्रयोगशाळेला हे सारे साधते, पण शेवटचे औषध कोणत्या तारखेला दिले हे कागदावर असेल तरच. गावाकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी म्हणूनच जपावी. डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीसाठी शिरेतून फ्लुओरेसीन दिले असल्यास तेही सांगावे. प्रयोगशाळेतील एका हिरव्या रंगद्रव्याचे ते सख्खे भावंडच आहे.

हळदीच्या दुधाचे काय, हा प्रश्न आपल्या घरांत हटकून निघतो. हळदीतील कुर्क्युमिन चमकते खरे, परंतु पोटातून रक्तात अत्यल्पच उतरते. हळदीच्या अर्काच्या गोळ्या चालू असतील, तर मात्र डॉक्टरांना अवश्य सांगावे.