गर्भाचा कणा आणि पानांतील जीवनसत्त्व

मनुष्याचा मेंदू व पृष्ठरज्जू यांचा प्रारंभ एका सपाट पट्टीपासून होतो. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीकडील पेशींची ही पट्टी मध्यभागी खोलगट होऊ लागते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि अखेर जुळून त्यांची नळी बनते. हीच मज्जानलिका होय. ती मानेच्या भागात प्रथम मिटते, मग दोन्ही टोकांकडे मिटत जाते. सुमारे 28व्या दिवशी हे काम पुरे झालेले असते.

क्वचित एखादे टोक उघडेच राहते. डोक्याकडचे टोक राहिले, तर मेंदूचा मोठा भाग व कवटीचे छत तयारच होत नाही. असे मूल जगत नाही. खालचे टोक राहिल्यास मणक्यांच्या कमानी जुळत नाहीत आणि पृष्ठरज्जू पाठीवर उघडा पडतो. अशा मुलाच्या पायांत पुष्कळदा बळ नसते, मलमूत्रावर ताबा राहत नाही, डोक्यात पाणी साठते. शस्त्रक्रियेने फट झाकता येते. गेलेली शक्ती बहुधा परत येत नाही.

दोष मात्र मातेच्या माथी येतो. ग्रहणात तिने काही चिरले असेल, असे म्हटले जाते! वस्तुतः या व्यंगाच्या एका प्रमुख कारणाचा माग मुंबईत परळला लागला, आणि तोही निराळ्याच रोगाच्या निमित्ताने.

लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये हाफकिन संस्थेत आल्या. गरोदर गिरणीकामगार स्त्रियांना जडणारा घातक पंडुरोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, ते तेव्हा अज्ञात होते. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे करण्यात आले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्यास फॉलिक अम्ल म्हणू लागले. पुढे काही वर्षांतच अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली ते प्रयोगशाळेत तयार झाले.

पेशीचे विभाजन होताना डीएनएची नवी प्रत बनावी लागते. तिच्यासाठी हे अम्ल हवे. रक्त घडविणाऱ्या पेशींना ते लागते, तसेच मिटणाऱ्या नळीच्या पेशींनाही लागते. 1965 मध्ये हिबर्ड व स्मिथेल्स यांनी हा संबंध सुचविला. निर्णायक पुरावा 1991 मध्ये मिळाला. पूर्वी असे मूल झालेल्या मातांच्या 1,195 गर्भारपणांत फॉलिक अम्ल घेणाऱ्यांत 6, तर न घेणाऱ्यांत 21 गर्भ सदोष निघाले. सहाही टळले नाहीत, हे ध्यानी घ्यावे. आनुवंशिकता, मधुमेह व अपस्माराची काही औषधे हीही कारणे आहेत.

खरी अडचण वेळेची आहे. जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत राबणारी स्त्री असो की परळची, पाळी चुकल्याची खात्री होऊन ती दवाखान्यात नाव नोंदवीपर्यंत नळी मिटून गेलेली असते. म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून पहिले 12 आठवडे घ्यावी, असा सल्ला आहे. पूर्वी असे मूल झालेल्या मातेस वैद्यकीय देखरेखीखाली याच्या दसपट मात्रा देतात. पालक, मेथी, चवळी, हरभरा यांतही हे जीवनसत्त्व असते. मात्र भाजी फार वेळ उकळून पाणी ओतून दिले, तर त्यातील बराच अंश मोरीत जातो.