मधला खडा आणि त्याचे शेजारी

1988च्या जूनमध्ये ऑपेरा हाऊसच्या पंचरत्न इमारतीत मी हिऱ्यांचा असॉर्टर म्हणून लागलो आणि पहिला आठवडा नुसत्या चाळण्या हलवण्यात गेला. बाहेर धो धो पाऊस, आभाळ काळंकुट्ट. अशा उजेडात रंग बघायचा नाही, असा आमच्या ऑफिसचा दंडक होता. मग नव्या पोराला बारीक मालापाशी बसवत. प्लस टू, मायनस टू, प्लस इलेव्हन ही चाळणीच्या मापांची नावं तेवढी तोंडपाठ झाली. नवव्या दिवशी उघडीप मिळाली आणि हेड असॉर्टर भाऊंनी मला उत्तरेच्या खिडकीपाशी बोलावलं.

पांढऱ्या जाड कागदाला मधोमध घडी घालून त्यांनी पन्हळ केली होती. तिच्यात एक कॅरटचा गोल खडा पालथा ठेवला, टेबल खाली, टोक वर. त्याच्या दोन्ही बाजूंना पुडीतले दहा-दहा सेंटचे खडे चिमट्याने एकेक करून लावले. मग त्या रांगेवर हलकेच तोंडाची वाफ सोडली. वाफ धरली की चमक क्षणभर मरते आणि नुसता रंग उरतो. "कुठला वेगळा दिसतो रे?" मला सगळे सारखेच दिसत होते. त्यांनी मान हलवली आणि तेच खडे मेणाच्या वडीवर उलथे करून बसवले, अंगठीत दिसतील तसे. आता मधला खडा चक्क पिवळसर वाटायला लागला. खडे तेच, रंगही तेच!

त्या एका सकाळी जे कळलं, त्यावर माझी पुढची तीसेक वर्षं निघाली. हिऱ्याचा रंग ठरवतात तो पालथा ठेवून, बाजूने बघून. अंगठीत मात्र तो तोंडाने दिसतो. खडा जितका मोठा तितका त्याचा रंग तोंडाला जास्त जाणवतो. लहान खड्यात तो दिसतच नाही म्हणा ना. त्यामुळे एकाच रंगाचा मोठा खडा आणि लहान खडे शेजारी बसवले की लहान पांढरे दिसतात आणि बिचाऱ्या मोठ्याची अब्रू जाते. गोल मधल्या खड्याला लहान गोल शेजारी द्यायचे तर भाऊ एखादी पायरी खालचे घेत. बॅगेट असतील तर उलट. बॅगेटला पैलू कमी आणि लांब. तो काचेच्या तावदानासारखा, रंग लपवू शकत नाही. त्याला मधल्याच्या बरोबरीचा किंवा वरचाच रंग लागतो.

तेव्हा आमच्याकडे डी-ई-एफ कमी ऐकू यायचं. व्हाइट, केप, टीएलबी, टीटीएलबी अशी भाषा होती. अक्षरांची पट्टी अमेरिकेतल्या जीआयए संस्थेने 1953 सालीच आणली होती. ए-बी-सी आधीच्या निरनिराळ्या पद्धतींत वापरून गुळगुळीत झालेली, म्हणून सुरुवात डीपासून, शेवट झेडला. पण ती पट्टी मोठ्या खड्यांची. बारीक माल चाळणीने मोजायचा आणि पुडीने विकायचा. त्याला कोण प्रत्येकी प्रमाणपत्राचा कागद देणार?

त्यात ऑस्ट्रेलियातल्या आर्गाइल खाणीचा माल त्या दशकात सुरतेला लोटत होता. लहान आणि बराचसा तपकिरी. टीटीएलबी म्हणजे त्याच तपकिरी झाकेतला वरचा वर्ग. स्वस्त होता, बाजूच्या खड्यांत सर्रास जायचा. पिवळट मधल्या खड्याशेजारी तपकिरी झाक बसली की दोघंही मळकट दिसतात, मग पायऱ्या कितीही जुळवा. माझ्या मते त्या काळातल्या अर्ध्याअधिक फसलेल्या अंगठ्यांचं कारण हेच.

माझीही एक अंगठी फसली, पण तिथे आर्गाइलला बोल लावता येणार नाही. 1997 साली बायकोसाठी अंगठी करायची ठरली. आजीच्या हिऱ्याच्या कुड्यांतली एक हरवली होती, दुसरी पेटीत पडून होती. सात खड्यांची: मध्ये एक, भोवती सहा. मधला खडा जुन्या पैलूंचा, जाड अंगाचा. तो काढला आणि ऑफिसच्या भावात मिळतात म्हणून शेजाऱ्यांना दोन झगझगीत एफ रंगाचे खडे घेतले. हौस! अंगठी बोटात घालून बायको म्हणाली, "अहो, हा मधला साबुदाण्याच्या खिचडीतल्या बटाट्यासारखा दिसतोय." खरंच तसाच दिसत होता. रोज दहा तास हेच काम करणारा मी, घरच्या अंगठीत नापास.

मग कुडीतल्या उरलेल्या सहांकडे लक्ष गेलं. पन्हळीत लावून बघितले. सहाच्या सहा मधल्यापेक्षा किंचित गडद, झाक तीच उबदार. कुणा सोनाराने डोळ्याने वेचलेले. आजीच्या कानातली कुडी पिवळी आहे असं आयुष्यभर कुणी म्हटलं नव्हतं. त्यातलेच दोन बाजूला बसवले, कोंदण पिवळ्याच सोन्याचं ठेवलं, आणि बटाट्याचा परत हिरा झाला.

डोळ्याने बघण्याची ही रीत जुनी आहे. सतराव्या शतकात आपल्या खाणी आणि बाजार पाहून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए लिहितो, की युरोपी लोक कच्चा हिरा दिवसा पारखतात, हिंदुस्थानी मात्र रात्री: भिंतीत फूटभराच्या चौकोनी कोनाड्यात जाड वातीचा दिवा ठेवून, त्याच्या उजेडात खडा बोटांत धरून. पाण्यात निळी झाक आहे का हे पक्कं करायचं तर दाट झाडाखालच्या हिरव्या सावलीत बघावं, असंही तो सांगतो. आमच्या पावसाळी दंडकाचे हे पूर्वज.

2010मध्ये वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सात भारत डायमंड बोर्स सुरू झाला. पुढच्या वर्षी जुलैत ऑपेरा हाऊसच्या गल्लीत स्फोट झाला आणि मागे राहिलेल्यांपैकीही बरेच तिकडे सरकले. नव्या ऑफिसात दिवे ठरावीक प्रकाशाचे, पाऊस असो वा ऊन. चांगलंच झालं ते. पण गिऱ्हाईक आता कागद हातात घेऊन येऊ लागलं. "मधला जी आहे, बाजूचेही जीच हवेत." समजावून सांगितलं तर वाटायचं, हा हलका माल गळ्यात मारतोय. पुष्कळदा मी वाद सोडून जी देऊन टाकले आणि अंगठी होती त्याहून पिवळी करून दिली.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी आणखी एक गुंता केला. सीव्हीडी पद्धतीच्या खड्यात कधी तपकिरी-करडी झाक असते, एचपीएचटीच्या खड्यात कधी निळसर. अक्षर एकच, पण शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या घरांतले. 2025मध्ये जीआयएने या हिऱ्यांना ही अक्षरं देणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मी निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी नातेवाइकांचे फोन येतात. त्यांना सांगतो तेच इथेही सांगतो. मधला खडा घेऊन दुकानात जा. बाजूचे दोन-तीन जोड मागवा आणि सगळे मेणावर बसवून, दुकानातले झगमगते दिवे सोडून दारापाशी उजेडात बघा. हात लांब करून बघा, अंगठी डोळ्याला लावून कुणी फिरत नाही. सोनाराने कंटाळा केला तर दुसरं दुकान गाठा. आणि शक्यतो जुलैत जाऊ नका.