स्थलांतर आणि जातीचा कायदेशीर दर्जा

चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर हे कोळशाची खाण, कागदाचा कारखाना आणि रेल्वे यांच्या आधाराने वाढलेले नगर होय. उपजीविकेसाठी तेथे आलेल्यांत तेलुगूभाषक श्रमिकांचा भरणा मोठा होता. राज्याची सीमा ओलांडणाऱ्या दलित श्रमिकाबरोबर जातीची अवहेलना येऊ शकते. कायद्याचे संरक्षण मात्र मागे राहते. कारण, राज्यघटनेच्या ३४१ व ३४२ या अनुच्छेदांन्वये अनुसूचित जाती व जमाती त्या त्या राज्यापुरत्या निर्दिष्ट होतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे १० ऑगस्ट १९५० रोजीचे वास्तव्य पाहिले जाते. त्यामुळे एकाच जातीच्या दोन शेजारी कुटुंबांपैकी त्यापूर्वी येऊन स्थायिक झालेले पात्र ठरते, नंतर आलेले ठरत नाही. आंध्रातून मुंबईस आलेल्या अनुसूचित जमातीच्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हेच तत्त्व मान्य केले. मागासलेपण त्या त्या राज्यातील परिस्थितीवरून ठरते, आणि बाहेरून आलेल्यांस सवलती दिल्यास स्थानिक वंचितांचा वाटा घटतो, अशी त्यामागील भूमिका आहे. ती निराधार नव्हे. तथापि, खाणीच्या वस्तीतच जन्मलेल्या तिसऱ्या पिढीस ‘बाहेरची’ कोणत्या अर्थाने म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर तीत मिळत नाही.