पाणी पळवणारी फट

मोटार सुरू झाली, घरघर आवाजही आला, पण पाइपातून पाणी काही येईना! दोस्तांनो, धाराशिव (2023 पर्यंतचा उस्मानाबाद) जिल्ह्यात तुमचा मळा असेल, तर हा प्रसंग तुम्ही नक्की पाहिला असेल. विहिरीत पाणी आहे, वीज आहे, मोटारही जळलेली नाही. मग चोर कोण? पुष्कळदा तो सापडतो पाइपाच्या तोंडाशी, पिळून बांधलेल्या तारेखाली!

मोटार पाणी ओढते, असं आपण म्हणतो. खरी गंमत वेगळीच आहे. पंपाच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि विहिरीतल्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा पाण्याला पाइपातून वर ढकलते. हवेची ही ताकद जास्तीत जास्त 10 मीटरची. प्रत्यक्षात 6-7 मीटरच धरायची. म्हणून तर खोल विहिरीत मोटार काठावर न ठेवता आत, खाली बसवतात. आता सांध्यात केसाएवढी फट राहिली, तर? पाण्याआधी हवाच आत घुसणार! बाहेर जाणाऱ्या पाइपाची गळती टपटप दिसते. सक्शनची गळती मात्र दिसतच नाही, कारण तिथं पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. मग घरचे बिचारे फुट व्हॉल्व्ह (त्याला काहीजण चक्क ‘फुटबॉल’ म्हणतात!) काढून तपासत बसतात. त्याऐवजी पंप चालू असताना मोठ्यांना सांध्यावर साबणाचा फेस लावायला सांगा. फेस आत ओढला गेला, की चोर सापडला.

तार एकाच रेषेवर दाबते, रबर कापते आणि पीळ पडतो तिथं जागा सोडते. होज क्लिपची पट्टी रुंद असते. तिच्यावर तिरक्या खाचा असतात आणि स्क्रूचे आटे त्या खाचांत अडकतात. स्क्रूचा एक फेरा, पट्टी एक खाच पुढे! म्हणून थोड्या जोरात भरपूर आवळलं जातं आणि आपोआप मागंही सरकत नाही. ही युक्ती ब्रिटिश नौदलातल्या लमली रॉबिन्सन यांची. तिचं पेटंट 1921 सालचं आहे.

दुकानात ‘दोन इंची द्या’ एवढंच सांगू नका. पाइप नोझलवर चढवल्यावर त्याची बाहेरची जाडी मोजा. क्लिपच्या पट्टीवर मिलिमीटरमध्ये दोन आकडे असतात. आपलं माप त्यांच्या साधारण मध्ये यायला हवं. खिशात लोहचुंबक असू द्या. पट्टी चांगल्या स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, अशीही क्लिप मिळते. चुंबक स्क्रूला घट्ट चिकटला, तर तो ओलीत गंजणार आणि पुढच्या खेपेला फिरणारच नाही.

बसवताना पाइपाचं टोक सरळ कापा. क्लिप आधी पाइपावर सरकवा (हे हमखास विसरतं!), मग पाइप नोझलच्या उंचवट्यापलीकडे नेऊन बसवा. कडक झालेला प्लॅस्टिकचा पाइप गरम पाण्यात बुडवला की मऊ होतो. क्लिप उंचवट्याच्या मागं हवी, अगदी टोकावर नको. पान्यानं आवळा, स्क्रू ड्रायव्हर घसरतो. रबर पट्टीच्या खाचांतून फुगून वर आलं, की थांबा, जास्त झालं. रबर दबून बसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आवळायचं.

आणि टपटप गळणाऱ्या सांध्याला क्षुल्लक समजू नका हं! 20 थेंबांचं साधारण 1 मिलिलिटर होतं. सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला 86,400 थेंब, सव्वाचार लिटरच्या वर. वर्षाचे दीड हजार लिटर! उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हा हिशेब फळ्यावर मांडून बघा.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. कित्येक स्टार्टरना ‘ऑटो’ जोडलेला असतो. वीज आली की मोटार आपली आपण सुरू होते, मग तुमचा हात कुठंही असो. म्हणून सांध्याला हात लावण्याआधी मोठ्यांकडून मेन स्विच बंद करून घ्या आणि फ्यूज काढून त्यांच्या खिशात ठेवायला लावा.