मोटारीच्या नाकावरचा काचेचा कोंबडा

पोळ्याला आपण बैलाच्या शिंगांना बेगड लावतो, शेंब्या बसवतो, कपाळावर बाशिंग बांधतो. कष्टकऱ्या जनावराला नटवायची ही हौस जुनीच आहे. मोटार आली तेव्हा श्रीमंतांनी तिलाही नटवले. मात्र त्यांची शेंबी काचेची होती!

फ्रान्समध्ये रने लालिक (१८६०–१९४५) नावाचे कारागीर होऊन गेले. आधी ते दागिने घडवत, पुढे काचेकडे वळले. १९२५ साली त्यांनी सित्रोएन मोटारीसाठी पाच घोड्यांची काचेची मूर्ती केली. पुढच्या काही वर्षांत असे सुमारे तीस नमुने निघाले. त्यांची यादी वाचली तर आपलेच शिवार डोळ्यांपुढे येते: कोंबडा, एडका, बेडूक, चतुर, मोराचे तोंड. आपल्या उभ्या पिकाची नासाडी करणारे रानडुक्करसुद्धा तिथे मानाने बसलेले! मूर्तीखाली छोटा दिवा लावायची सोय असे. मध्ये रंगीत काच ठेवली की रात्री सारी मूर्ती रंगाने उजळून निघे.

आता ही मूर्ती बसवत कुठे? त्या काळी रेडिएटर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारी पाण्याची टाकी, मोटारीच्या अगदी नाकाशी असे आणि तिचे झाकण बाहेरच असे. मूर्ती बसे त्या झाकणावर. खाली तापलेले पाणी, वर गार वारा, आणि मध्ये काच!

मग ती तडकत कशी नव्हती? साच्यातून निघालेली काच भट्टीत हळूहळू निववावी लागते. घाई केली तर बाहेरची बाजू आधी आकसते, आतली मागाहून. ती ओढाताण काचेत मुरून राहते आणि पुढे एखाद्या दिवशी काच फुटते. निववण्याची ही विद्या आपल्याकडेही होती. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील खेडोपाडी पोचला. लहानपणी मी पेटत्या कंदिलाची काच ओल्या फडक्याने पुसायला गेलो. काच तडकन फुटली आणि पाठीत धपाटा बसला. एकदम गार लागले की चांगली निववलेली काचही टिकत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

१९३० नंतर मोटारींचा आकार बदलला, झाकण बॉनेटखाली गेले आणि मूर्तीची जागाच उरली नाही. त्या मूर्ती आता संग्रहात आहेत. झाकण मात्र आपल्या ट्रॅक्टरवर आहे, आणि ते जुन्यापेक्षा जास्त धोक्याचे आहे. आजच्या रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो आणि उकळता फवारा अंगावर येतो. गेल्या उन्हाळ्यात बोरीच्या शिवारात नांगरट चालू असताना एका तरुणाचा हात असाच कोपरापर्यंत भाजला.

म्हणून बंधूंनो, ट्रॅक्टर तापला तर तो सावलीत उभा करा. इंजिन हाताला सोसेल इतके निवू द्या. मग जाड फडके धरून झाकण थोडे फिरवा, वाफ जाऊ द्या, नंतरच काढा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. कंदिलाच्या काचेसारखे त्याचे बीडही तडकू शकते. घरातल्या पोरांनाही हे सांगून ठेवा, कारण पाण्याचा डबा घेऊन आधी तीच धावतात.