मुलांच्या पाठीकडे पाहा

मुलाला ताप आला, की कपाळावर हात ठेवताच आईला कळते. पाठीचा कणा मात्र वाकडा होऊ लागला, तरी तो बहुधा दुखत नाही. आणि पाठ कपड्याखाली झाकलेली असल्याने दिसतही नाही. रायपूर असो, पुणे असो वा बेळगाव, प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी या विकाराची ओळख करून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मागून पाहिले असता निरोगी कणा सरळ रेषेत दिसतो. तो डावीकडे अगर उजवीकडे झुकतो आणि त्याबरोबर मणके किंचित फिरतात, तेव्हा त्या विकृतीस ‘स्कोलिओसिस’ म्हणतात. क्ष-किरण चित्रावर हा बाक अंशांत मोजतात. ही पद्धत अमेरिकन शल्यवैद्य जॉन कॉब यांनी १९४८ साली रूढ केली. बाक १० अंश वा अधिक भरला, तरच तो स्कोलिओसिस समजतात. वाढत्या वयाच्या शंभर मुलांत दोघातिघांना तो आढळतो. परंतु त्यांतील बहुतेकांचा बाक लहानच राहतो.

कारणे आणि प्रकार

काही मुलांचे मणके गर्भावस्थेतच अपुरे किंवा एकमेकांस जोडलेले घडतात. हा जन्मजात प्रकार होय. मेंदूचा पक्षाघात, पोलिओ, स्नायूंचा क्षय अशा रोगांत कण्यास दोन्ही बाजूंनी सारखा आधार मिळत नाही. हा दुसरा प्रकार. उतारवयात मणके झिजून येणारा बाक हा तिसरा. एक पाय आखूड असल्यानेही कणा वाकडा दिसतो, पण आखूड पायाखाली योग्य उंची दिली, की तो बाक जातो.

तथापि सुमारे ८० टक्के रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. हा प्रकार मुख्यत्वे दहाव्या वर्षानंतर दिसू लागतो. काही कुटुंबांत तो अनेकांना होतो, आणि बाक मोठा होण्याचे प्रमाण मुलींमध्ये कितीतरी अधिक असते. वाचकहो, दप्तराचे ओझे, वाकून बसण्याची सवय किंवा आईच्या संगोपनातील उणीव यांमुळे हा विकार होत नाही. तेव्हा ‘सरळ बस’ म्हणून मुलीला रागावण्याने काहीच साधत नाही; उलट ती पाठ लपवू लागते.

घरची परीक्षा

दहा ते चौदा या वयात दर सहा महिन्यांनी मुलांची पाठ पाहावी. मूल पाठमोरे सरळ उभे करून पाहा: एक खांदा वर आहे काय? एका बाजूचा खवाटा पुढे आलेला आहे काय? कमरेच्या दोन्ही बाजूंची खोली सारखी आहे काय? मग पाय जुळवून, गुडघे न वाकवता, हात जोडून पुढे वाकण्यास सांगा. पाठीची एक बाजू उंचवट्यासारखी वर आली, तर वैद्यांकडे जावे. परकराची कड एकीकडे वर उचललेली दिसणे, हीही एक खूण आहे.

उपचार

लहान बाकावर दर चार ते सहा महिन्यांनी केवळ लक्ष ठेवतात. वाढ शिल्लक असताना तो साधारण २५ ते ४० अंशांचा असेल, तर प्लॅस्टिकचा ब्रेस बांधतात. अमेरिका व कॅनडातील एका अभ्यासाचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पुरी होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसते लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. रोज सुमारे तेरा तासांहून अधिक काळ ब्रेस घालणाऱ्यांत तर ते ९० टक्क्यांवर गेले. रायपूरच्या उन्हाळ्यात हे कवच अंगावर बाळगणे सोपे नव्हे. आत पातळ सुती बनियन घालावे, ते वारंवार बदलावे, आणि घरच्यांनी धीर द्यावा.

बाक ४५-५० अंशांपलीकडे गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. धातूचे स्क्रू व सळ्या बसवून कणा शक्य तितका सरळ करतात. व्यायामाने स्नायू बळकट होतात. पण मालिश अगर हाडवैद्याच्या ओढाताणीने वाकलेला कणा सरळ होत नाही.

वेळ दवडू नका

हाडांची वाढ थांबली, की ब्रेसचा उपयोग संपतो. मुलींमध्ये पाळी सुरू झाल्यावर साधारण दोन वर्षांत ही मुदत सरते. ‘लोक काय म्हणतील, लग्न कसे जमेल’ या भीतीने गोष्ट झाकून ठेवणारी कुटुंबे नेमका हाच काळ गमावतात. या विकाराच्या बहुतेक स्त्रिया संसार करतात, माता होतात. शंभर मीटर ९.५८ सेकंदांत धावणाऱ्या उसेन बोल्टचा कणाही असाच वाकडा आहे.

रायपूर परिसरातील कुटुंबांना पहिल्या सल्ल्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. येथे १९६३ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१२ सालापासून टाटीबंध येथे एम्स आहे. छत्तीसगडच्या शाळांत ‘चिरायू’ पथके मुलांची आरोग्य तपासणी करतात. त्या वेळी पाठही पाहण्याची विनंती करावी. आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाने खर्चाची चौकशी रुग्णालयातच करून घ्यावी.

वर्षातून दोनदा, पाच मिनिटे, एवढाच वेळ पालकांनी द्यावयाचा आहे. तो वेळेवर दिला, तर पुष्कळ मुलींची शस्त्रक्रिया टळेल.